जिल्हा परिषदेच्या शाळेचा कारभार, पैसा आणि शिक्षण कसं तपासावं

शाळेच्या फलकावर, बहुतेक ठिकाणी नावाच्या खालीच, अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, रंगवलेला असतो. आधी तो वहीत उतरवून घ्या. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. या क्रमांकावर केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर शाळेचं प्रगतिपत्रक उघडतं. त्यात पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, वीज, ग्रंथालय असं सगळं असतं. त्याची छापील प्रत घेऊन एकदा शाळेत फेरी मारा आणि प्रत्येक नोंद डोळ्यांनी ताडून पाहा.

इथेच पहिली गफलत सापडते. स्वच्छतागृह 'आहे' आणि 'वापरात आहे' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. कुलूप लावलेलं, पाणी नसलेलं स्वच्छतागृह बऱ्याचदा दोन्ही रकान्यांत चढवलेलं असतं. पुढच्या वर्षीचा जिल्ह्याचा आराखडा याच माहितीवरून बनतो. कागदावर सगळं ठीक असेल तर दुरुस्तीच्या यादीत शाळेचं नावच येत नाही. मागणीचे दहा अर्ज करण्यापेक्षा ही एक नोंद दुरुस्त करून घेणं जास्त उपयोगाचं.

कोणता प्रश्न कोणाकडे न्यायचा

राज्यात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे सोडून 34 जिल्हा परिषदा आहेत. त्यांचा पाया 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम. निवडून आलेल्या सदस्यांची शिक्षण समिती असते, तिचे सभापती असतात. प्रशासनाच्या बाजूला मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्याखाली शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे प्रमुख) आणि शाळेत मुख्याध्यापक अशी उतरंड आहे. सदस्यांची मुदत संपलेली असेल आणि प्रशासक नेमलेले असतील, तर शिक्षण समितीचे निर्णयही प्रशासकच घेतात. अशा वेळी सभापतींच्या नावाने निवेदन देण्यात अर्थ नाही.

लोक थकतात ते चुकीच्या दारात उभं राहून. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती हे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात असतं. शिक्षक महिनोन्‌महिने दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर असतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा. पटावर दोन शिक्षक आणि वर्गात एकच, असं दिसलं तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा. शिक्षकाचं पदच मंजूर नसेल तर ते शिक्षणाधिकाऱ्यांकडच्या संच मान्यतेत, म्हणजे पटावरून मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांच्या हिशोबात, पाहावं लागतं. नवीन भरती पवित्र पोर्टलमधून राज्य पातळीवरच्या गुणवत्तेवर होते. त्यामुळे 'आमच्या गावाला अमुक शिक्षक द्या' असं सांगून कोणी शिक्षक देऊ शकत नाही. अभ्यासक्रम राज्य ठरवतं आणि पगारही राज्याच्याच तिजोरीतून, शालार्थ प्रणालीने होतो.

संच मान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि आधार पडताळणी झालेली मुलंच त्यात धरली जातात. जन्मतारखेत किंवा नावाच्या एका अक्षरात फरक असला तरी मूल 'अवैध' ठरतं. म्हणून जून-जुलैमध्येच मुख्याध्यापकांकडून अवैध मुलांची यादी घ्या आणि त्या पालकांना आधार केंद्रावर पाठवा. ऑक्टोबरमध्ये जागं होऊन काही उपयोग होत नाही, तोवर पद गेलेलं असतं.

किती शिक्षक हवेत, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4, 121 ते 150 ला 5 आणि 150 च्या वर पाच शिक्षक अधिक मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला दर 35 मुलांमागे किमान एक शिक्षक लागतो. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. संच मान्यतेचे निकष शासन निर्णयांनी बदलत राहतात, आणि कमी पटाच्या शाळांना त्याची झळ सर्वांत जास्त बसते. निवेदन लिहिताना मात्र आधार कायद्याच्या अनुसूचीचाच घ्या.

शाळा व्यवस्थापन समिती: सह्यांपुरती की कामाची

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असायलाच हव्यात. महाराष्ट्रात समिती 12 ते 16 जणांची असते, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात आणि अध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडायचा असतो. बैठक महिन्यातून किमान एकदा.

समिती तपासायची तर इतिवृत्ताची वही मागा आणि तीन गोष्टी पाहा. बैठकीची तारीख प्रत्यक्ष शाळेच्या दिवसाची आहे का? सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात घेतल्यासारख्या दिसतात का? आणि ठरावात रक्कम लिहिली आहे का? 'आवश्यक खर्चास मंजुरी' असा मोघम ठराव म्हणजे कोरा धनादेश. ठरावात वस्तू, नग, दर आणि एकूण रक्कम चारही असायला हवं. अध्यक्षांचं मूल शाळा सोडून गेलं असेल तर ते आता पालक सदस्य नाहीत, ती जागा पालक सभा बोलावून भरावी लागते.

समितीचं खरं हत्यार म्हणजे कलम 22 मधला शाळा विकास आराखडा. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात दर वर्षाचा उपआराखडा असतो. तो डिसेंबरअखेर तयार ठेवा, कारण जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक त्यानंतरच्या महिन्यांत बनतं. आराखड्यात 'शाळेचा सर्वांगीण विकास' लिहू नका. 'दोन खोल्यांचं छत गळतं, पत्रे 24, बांधकाम उपविभागाचा अहवाल सोबत जोडला आहे' असं लिहा.

पडक्या खोलीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुनी खोली आपल्या मनाने पाडता येत नाही. बांधकाम विभागाचा अहवाल घेऊन तिचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून ती काढून टाकणं, मंजूर करून घ्यावं लागतं. निर्लेखन रखडलं की जुनी खोली कागदावर 'उपलब्ध' राहते आणि नव्या खोलीची मागणी मागे पडते. पावसाळ्यात धोकादायक खोलीत वर्ग भरतात, त्यामागे अनेकदा हेच एक अडकलेलं प्रकरण असतं. त्याचा पाठपुरावा नेटाने करा, यात मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

पैसा

शाळेवरच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा पगाराचा, आणि तो शाळेच्या खात्यात येतच नाही. खात्यात येतं ते मुख्यतः समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. ही योजना 2018-19 ला सुरू झाली आणि तिच्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. अनुदान पटावर ठरतं: 30 मुलांपर्यंत वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1000 ला 75,000 आणि त्यापुढे 1 लाख. या कमाल मर्यादा आहेत, आणि रक्कम हप्त्यांनी येते.

पट 100 वरून 101 झाला की अनुदानाची मर्यादा दुप्पट होते, आणि 31 वरून 30 झाला की 15,000 रुपये कमी होतात. गावातली चार मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात तेव्हा मागे राहिलेल्या मुलांच्या वाट्याला काय येतं, हे या आकड्यांत स्पष्ट दिसतं.

अनुदानातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. 25,000 तले 2,500 तिथे गेले. वीजबिल महिन्याला 900 रुपये धरलं तरी वर्षाचे 10,800 होतात. उरलेल्या 11,700 रुपयांत खडू, रजिस्टरं, झाडू, नळदुरुस्ती आणि इंटरनेट बसवायचं. डिजिटल वर्गाचा पडदा आणि संगणक धूळ खात पडलेले दिसले, तर शिक्षकांना दोष देण्याआधी वीजजोडणी चालू आहे का, ते पाहा.

पैसा एकल खात्यातून, पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर खर्चाच्या मर्यादेच्या रूपात मिळतो. दिलेल्या मुदतीत खर्च झाला नाही तर ती मर्यादा परत जाते. हप्ता उशिरा आला की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने खरेदी होते आणि रंगरंगोटीत पैसे संपतात. त्यावर उपाय एकच: गरजांची क्रमवार यादी, दरपत्रकांसह, डिसेंबरमध्येच मंजूर करून ठेवायची. तपासताना रोकडवही, खात्याचा उतारा, पावती आणि साठा नोंदवही समोरासमोर ठेवा. पावतीवरची वस्तू साठा नोंदवहीत नसेल किंवा नोंद असून शाळेत वस्तू नसेल, तर तो प्रश्न बैठकीत विचारून इतिवृत्तात लिहून घ्या.

याखेरीज क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला 5,000 रुपयांपर्यंत मिळतात. पाणी आणि स्वच्छतेची कामं ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखीव) निधीतून करता येतात, पण त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात यावं लागतं. म्हणून ग्रामसभेला जा आणि काम नावानिशी नोंदवा. नव्या खोल्यांसाठी जिल्हा नियोजन समिती आणि जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे सेस, हे दोन रस्ते आहेत.

पोषण आहार तपासणं सोपं आहे. पहिली ते पाचवीला दर मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. पाचवीपर्यंतची 70 मुलं हजर असतील तर त्या दिवशी 7 किलो तांदूळ मोजला गेला पाहिजे. वर्गातली डोकी मोजा, हजेरीपटाशी आणि आहाराच्या नोंदवहीशी जुळवा. हजेरी फुगवलेली असेल तर ती इथे उघडी पडते.

मुलं खरंच किती शिकतात

'असर' किंवा डिसेंबर 2024 मध्ये झालेलं 'परख' ही सर्वेक्षणं नमुन्यावर चालतात. असरमध्ये ग्रामीण जिल्ह्यातली 30 गावं आणि प्रत्येक गावातली 20 घरं घेतात. त्यावरून जिल्ह्याची स्थिती कळते, तुमच्या शाळेबद्दल त्यातून काहीच सांगता येत नाही. शाळेपुरतं पाहायचं तर पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे गुण मागा, आणि मुलांची नावं न घेता पाहा.

छोट्या वर्गात टक्केवारी फसवते. पाच मुलांच्या वर्गात एक मूल पुढे-मागे झालं की 20 टक्क्यांचा फरक पडतो. नेहमी संख्या विचारा: पाचातली किती मुलं? शिष्यवृत्तीचा निकाल ऐकतानाही वर्गात किती, परीक्षेला किती बसली आणि पात्र किती ठरली, हे तीन आकडे मागा. निवडक तीन मुलं बसवून तिन्ही पात्र ठरली, तर उरलेल्या वीस मुलांचं काय झालं ते शंभर टक्क्यांत दिसत नाही.

वाचन तपासायला असरची पद्धत घरीही वापरता येते. सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एका कागदावर लिहा. परिच्छेदापासून सुरुवात करा. जमला तर गोष्ट द्या, अडला तर शब्दांवर या. गणितात हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार पुरेसा आहे. ही तपासणी चारचौघांत करू नका. घाबरलेलं मूल येत असलेलंही विसरतं, आणि मग तुमच्या हातातला आकडा खोटा ठरतो. तिसरीतलं मूल परिच्छेदाशी अडखळत असेल तर शिक्षकांशी त्या मुलाबद्दल बोला. रोज अर्धा तास पातळीनुसार गट करून सराव घेतला तर चित्र बदलतं, आणि त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

शिकवण्याचे दिवसही मोजा. पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1,000 तास हे कायद्याने ठरवलेलं आहे. कलम 27 प्रमाणे शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम देता येत नाही. शिक्षक वर्गाबाहेर गेलेल्या दिवसांची नोंद समितीने ठेवली, तर शिक्षकांच्या बाजूने बोलायलाही ती उपयोगी पडते.

अडलं तर

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. प्रत्येक वेळी लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार वापरा: शुल्क 10 रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. 'शाळेच्या खर्चाची सर्व माहिती' असं मागितलं की अर्ज लोंबकळतो. 'अमुक आर्थिक वर्षातील संयुक्त शाळा अनुदानाची रोकडवही आणि पावत्यांच्या छायाप्रती' असं मागा. मुलांच्या हक्कावरच गदा येत असेल, म्हणजे शिक्षकच नाही किंवा खोली धोकादायक आहे, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीला यू-डायस क्रमांक, समितीचा ठराव आणि तारखेसह फोटो जोडा.