पावसाळ्यात घरातलं मिरचीचं बी उगवेना, तेव्हा…

बेळगावात जून लागला की वहीच्या पुठ्ठ्यालाही बुरशी येते, तिथे मातीची काय कथा! खिडकीतल्या ट्रेमधलं ब्याडगी मिरचीचं बी कुजत होतं. जी रोपं वर यायची ती बुंध्याशी मऊ पडून कोलमडायची. शिवाय मातीभोवती बारीक काळी चिलटं. नुसती चिलटं मारून भागत नाही; त्यांच्या अळ्या वरच्या २-३ सेंटिमीटर ओल्या मातीत राहून बुरशीबरोबर कोवळी मुळंही खातात. मातीवर रात्री बटाट्याची चकती ठेवली, सकाळी उलटली. खाली काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या! मग शंकाच उरली नाही.

माती फेकली, ट्रे घासून धुतला. मातीऐवजी घेतलेल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) उकळतं पाणी ओतून गार होऊ दिलं. पेरल्यावर वर कोरड्या वाळूचा थर, आणि पाणी फक्त खालच्या ताटलीतून. मिरचीच्या बियाला २५ ते ३० अंश ऊब लागते, म्हणून ट्रे फ्रिजवर चढवला. आई कुरकुरली, पण बी उगवलं. कोंब दिसताच ट्रे उजेडात हलवायचा, नाहीतर रोपं लांबुळकी होतात. पिवळी चिकट कार्डं लावली, ती मात्र उडणारीच चिलटं धरतात. त्यांची एक पिढी ३-४ आठवड्यांची, तेव्हा कार्डं महिनाभर तरी काढू नका.