घामाचा वास: बाटली बदलण्याआधी क्रम बदला

कित्येक वर्षं माझी सकाळ ठरलेली होती. घाईघाईत अंघोळ, अर्धवट ओल्या अंगावर शर्ट आणि शर्टावरून सुगंधी स्प्रेचे चार फवारे. दुपारी घाम आणि सुगंध एकमेकांत मिसळून असा काही दर्प सुटायचा की नुसता घाम परवडला. स्प्रे बदलले, महागातले आणून पाहिले, पण फरक पडला नाही. पडणार तरी कसा? आधी धुणं, मग कोरडं करणं, मग घाम रोखणं, मग कपडे आणि सगळ्यात शेवटी सुगंध, असा खरा क्रम आहे. मी पहिल्या चार गोष्टींना फाटा देऊन सगळा खर्च पाचवीवर करत होतो. पहिल्या चार गोष्टींना लागणारं सामान तर सगळ्यात स्वस्त असतं.

वास घामाचा नसतोच

अंगावर घामाच्या ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. एक्रिन ग्रंथी जवळजवळ सगळ्या त्वचेवर पसरलेल्या असतात आणि त्यांची संख्या साधारण २० ते ४० लाख भरते. त्यांचा घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ. अंग थंड ठेवणं हे त्याचं काम. दुसऱ्या अपोक्राइन ग्रंथी. त्या मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात, वयात येताना कामाला लागतात आणि दाटसर, स्निग्ध घाम सोडतात. ताजा असताना त्यालाही फारसा वास नसतो. त्वचेवर राहणारे कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू तो फोडून खातात. त्यातून जी आम्लं आणि गंधकयुक्त संयुगं तयार होतात, ती आपल्या नाकाला झोंबतात. म्हणून धावून आल्यावर कपाळावरून धारा वाहतात तरी कपाळाला वास येत नाही, काखेला येतो.

यातली एक गंमत सांगतो. एबीसीसी११ नावाच्या जनुकाचा एक प्रकार ज्यांना आई आणि वडील या दोघांकडूनही मिळतो, त्यांच्या कानातला मळ कोरडा आणि भुसभुशीत असतो आणि त्यांच्या काखेलाही फारसा वास येत नाही. पूर्व आशियात असे लोक पुष्कळ आहेत. कानातला मळ चिकट असेल, तर पुढचं सगळं वाचायला हवं!

म्हणजे लढाई आहे ती जिवाणूंशी आणि त्यांना मिळणाऱ्या ओलाव्याशी.

धुणं

रोज एकदा, आणि घाम गाळून आल्यावर पुन्हा, साध्या साबणाने. साबण नुसता फिरवून पाणी ओतू नका. काखेत बोटांनी वीस-तीस सेकंद चोळा, म्हणजे कालच्या रोल-ऑनचा थरही निघेल. काखा, जांघा, स्तनांखालची घडी, बेंबी, कानामागचा भाग आणि पायाच्या बोटांमधल्या फटी या जागा हमखास राहून जातात. पाठीवर साबणाचा फेस फुलवण्यापेक्षा इथे वेळ द्या. खरखरीत घासणीने मात्र रगडू नका. सोललेली त्वचा नंतर काहीही लावलं तरी चुरचुरते.

‘जंतुनाशक’ असं ठळक अक्षरात लिहिलेल्या साबणासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून बाद केले, कारण ते साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं.

साबणाने भागत नसेल, तर मुरुमांसाठी मिळणारा बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश काखेत वापरून पाहा. ४-५ टक्क्यांचा पुरतो. ओल्या काखेत लावायचा, एक-दोन मिनिटं थांबायचं, स्वच्छ धुवायचं. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदाच. त्वचा कोरडी पडली किंवा लाल झाली तर थांबा. आणि नंतर अंग पुसायला पांढराच टॉवेल घ्या, कारण हा रसायनाचा फेस रंगीत कापडाचा रंग उडवतो. माझा एक निळा टॉवेल असाच चट्टेरी झाला.

काखेतले केस कापावेत का? सक्ती नाही. पण केसांत घाम आणि जिवाणू अडकून राहतात, साबणही मुळाशी नीट पोचत नाही. कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक केले तरी पुरे.

कोरडं करणं

सांगायला दोन ओळी, पण सगळ्यांत जास्त टाळली जाणारी पायरी हीच. घड्या आणि बोटांच्या फटी टिपून कोरड्या करा, मग पाच मिनिटं अंग उघडं राहू द्या. टॉवेल दमट, कुबट असेल तर धुतलेल्या अंगावर पुन्हा तोच वास चढतो. तो रोज पसरून वाळवा, दोन-चार दिवसांनी धुवा.

घाम रोखणं

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. डिओड्रंट वास कमी करतं किंवा झाकतं, घाम थांबवत नाही. अँटिपर्स्पिरंट घाम कमी करतं. दोन्ही एकाच फळीवर, सारख्याच बाटल्यांत असतात, त्यामुळे बाटली उलटी करून घटक वाचायचे. अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा अ‍ॅल्युमिनियम झिर्कोनियम असं नाव दिसलं तर ते अँटिपर्स्पिरंट.

हे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी घट्ट जेलसारखं बूच तयार करतात. त्वचा नवी होत जाते तसं ते बूच काही दिवसांत आपोआप निघून जातं. पण बूच बसायला वेळ लागतो, आणि आधीच वाहत असलेल्या घामात ते बसत नाही. म्हणून रोल-ऑन लावायची खरी वेळ रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी असताना. रात्री घाम कमी येतो आणि बूच नीट बसतं. सकाळच्या अंघोळीने ते वाहून जात नाही. दोन-चार रात्री सलग लावल्यावरच परिणाम कळतो, एका दिवसात निकाल लावू नका. नुकत्याच दाढीच्या पात्याने केस काढलेल्या काखेत त्याच रात्री लावलं तर आग होते.

स्प्रेपेक्षा रोल-ऑन किंवा कांडी घ्या असं मी म्हणेन. स्प्रेतला बराच माल हवेत जातो.

अँटिपर्स्पिरंटने कर्करोग होतो अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. तसा संबंध संशोधनात सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरा.

आणि तुरटी. अंघोळीनंतर ओल्या काखेवर खडा दोन-तीनदा फिरवायचा, वाळू द्यायचं, खडा धुऊन कोरडा ठेवायचा. महिनोन्‌महिने टिकतो. जिवाणूंची वाढ ती रोखते, त्यामुळे वास बऱ्यापैकी कमी होतो, घाम मात्र फारसा अडत नाही. हाच खडा छान वेष्टनात ‘अ‍ॅल्युमिनियममुक्त’ म्हणून विकला जातो तेव्हा हसू येतं, कारण तुरटी स्वतःच अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आहे.

दोन घरगुती उपाय मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. लिंबू चोळून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. आणि खायचा सोडा अल्कधर्मी असतो, तर आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. काही दिवस बरं वाटतं, मग काख लाल होऊन खाजायला लागते.

पावडर ओलावा शोषते, बाकी काही करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला, म्हणजे पावडरीत वापरल्या जाणाऱ्या खनिजाला, ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकलं. त्यामुळे पावडर हवीच असेल तर मक्याच्या स्टार्चची घ्या आणि ती हवेत न उडवता हातावर घेऊन लावा.

कपडे

अंग स्वच्छ, तरी शर्ट घातल्यावर तासाभरात वास? मग दोषी शर्ट आहे. पॉलिएस्टरचे धागे पाणी शोषत नाहीत, पण तेलकट घाम धरून ठेवतात, आणि त्यात वास करणारे जिवाणू सुतापेक्षा चांगले फोफावतात. धुतलेला शर्ट कपाटात ठीक वाटतो, अंगाच्या उबेने वास पुन्हा उठतो. इस्त्री फिरवताना काखेकडून भपका आला तर ओळखा.

असे कपडे उलटे करून धुवा, म्हणजे साबण घामाच्या बाजूला लागतो. जुना वास मुरलेला असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यांत अर्धा तास भिजवा, पिळा, मग नेहमीच्या पावडरीने धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. व्यायामाच्या कपड्यांना सॉफ्टनर टाळा, त्याचा थर वास कोंडून ठेवतो. वाळवताना काखेची शिवण पूर्ण सुकली का ते हात लावून बघा. आणि घामेजलेले कपडे टोपलीच्या तळाशी दाबून ठेवू नका, धुवायला वेळ नसेल तर निदान पसरून तरी टाका.

पायांना हेच नियम लागू: रोज धुतलेले सुती मोजे आणि एक बूट सलग दोन दिवस नाही. तळव्यांना फार घाम येत असेल तर काखेचंच अँटिपर्स्पिरंट रात्री तळव्यांना लावता येतं. तळव्यावर बारीक खड्डे पडून तीव्र वास येत असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो. तो डॉक्टरांच्या मलमाने बरा होतो, घासून नाही.

डॉक्टरांकडे कधी

बसल्याजागी शर्ट भिजत असेल किंवा हातातला कागद ओला होत असेल, तर तो अतिघामाचा विकार असू शकतो आणि त्यावर जास्त तीव्र द्रावणापासून इंजेक्शनपर्यंत उपचार आहेत. रात्री अंथरूण भिजवणारा घाम आणि सोबत ताप किंवा घटणारं वजन, नव्या औषधानंतर अचानक वाढलेला घाम, अंगाला माशासारखा वास, या गोष्टी दाखवायलाच हव्यात. मधुमेह्याच्या श्वासाला फळासारखा गोड वास आला तर वाट पाहू नका, तातडीने दवाखाना गाठा. मुलीला ८ वर्षांच्या आत किंवा मुलाला ९ वर्षांच्या आत मोठ्यांसारखा घामाचा वास येऊ लागला, तर तेही बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

सुगंध, आता

आपलं नाक आपल्याच वासाला सरावतं, म्हणून स्वतःला हुंगून काही कळत नाही. संध्याकाळी उतरवलेला शर्ट पिशवीत बांधून ठेवा, बाहेर मोकळ्या हवेत एक फेरी मारून या, मग पिशवी उघडून काखेकडचा भाग हुंगा. किंवा घरातल्या स्पष्टवक्त्या माणसाला विचारा. वरच्या पायऱ्या आठवडाभर पाळून झाल्या असतील, तर उत्तर बहुधा बरं येईल. तरीही स्प्रे हवासा वाटला तर खुशाल मारा, हातभर अंतरावरून, एकच फवारा.