ईसॉप, आरएसयू, ईएसपीपी: टॅक्स कधी लागतो आणि कुठे फसगत होते

ऑफर लेटरमधल्या शेअरच्या आकड्याआधी त्याचा प्रकार बघा. ईसॉप म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, आरएसयू म्हणजे ठरलेला काळ नोकरी केल्यावर फुकट मिळणारे शेअर, आणि ईएसपीपी म्हणजे पगारातून पैसे कापून सवलतीत शेअर घेण्याची योजना. भारतात या तिन्हींवर टॅक्स दोनदा लागतो: शेअर नावावर होतात तेव्हा पगार म्हणून, आणि विकता तेव्हा भांडवली नफा म्हणून. खरा प्रश्न असतो तो पहिला टॅक्स भरायला पैसे कुठून आणायचे हा.

सगळ्यात जास्त अडचण ईसॉपमध्ये होते. ग्रँट मिळाली (कंपनीने ऑप्शन्स देऊ केले), व्हेस्ट झाली (ते वापरायचा हक्क मिळाला), तोवर काही लागत नाही. एक्सरसाइज केलं, म्हणजे ठरलेली किंमत भरून शेअर घेतले, की लागतो. समजा, १,००० ऑप्शन्स, एक्सरसाइज किंमत ₹५० आणि त्या दिवशीचं मूल्य ₹४००. शेअरमागे ₹३५० फरक, म्हणजे ₹३,५०,००० पगारात धरले जातात. ३० टक्के स्लॅब आणि ४ टक्के सेस धरून टॅक्स ₹१,०९,२००. शेअरचे ₹५०,००० वेगळे. खिशातून ₹१,५९,२०० गेले, आणि कंपनी लिस्टेड नसेल तर शेअर विकायची सोयच नाही. पुढे ते ₹२५०ला विकावे लागले, तर ₹१,५०,००० भांडवली तोटा होतो, पण तो पगारातून वजा होत नाही. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर आठ वर्षं पुढे नेता येतो, एवढंच. म्हणून अनलिस्टेड कंपनीत विक्रीची संधी समोर दिसल्याशिवाय एक्सरसाइजची घाई करू नये.

स्टार्टअपमध्ये हा टॅक्स पुढे ढकलता येतो, पण कंपनीकडे १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०-आयएसीचं (पात्र स्टार्टअपना करसवलत देणारं कलम) प्रमाणपत्र हवं. नुसती डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता पुरत नाही. आणि नोकरी सोडली की ती सवलत तिथेच संपते. राजीनाम्याआधी हे एचआरला विचाराच.

आरएसयूत पैसे भरायचे नसतात. व्हेस्ट होताच पूर्ण बाजारभाव पगारात येतो. कंपनी बहुधा काही शेअर विकून टीडीएस भरते: १०० व्हेस्ट झाले, ३५ विकले, खात्यात ६५ आले. उत्पन्न मात्र १०० शेअरचं. ईएसपीपीत बाजारभावापेक्षा जितकं स्वस्त मिळालं तितकंच पगारात धरतात.

विकताना होणारी नेहमीची चूक म्हणजे आरएसयूची खरेदी किंमत शून्य धरणं. ज्या मूल्यावर आधी टॅक्स भरला, तीच तुमची खरेदी किंमत. शून्य धरलीत तर त्याच रकमेवर पुन्हा टॅक्स भराल.

२३ जुलै २०२४पासून भारतात लिस्टेड शेअर १२ महिन्यांच्या आत विकले तर २० टक्के; त्यानंतर वर्षाला ₹१.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के. अनलिस्टेड आणि परदेशी शेअरना ही मुदत २४ महिन्यांची. त्याआधी स्लॅबप्रमाणे, नंतर १२.५ टक्के. नॅस्डॅकवर लिस्टेड असलेला शेअरही इथे परदेशीच.

परदेशी शेअर असतील तर आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ भरा आणि त्यातल्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) ते दाखवा, एकही विकला नसला तरी. हे शेड्यूल कॅलेंडर वर्षाचं असतं: आर्थिक वर्ष २०२५-२६च्या रिटर्नमध्ये जानेवारी ते डिसेंबर २०२५. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली ₹१० लाख दंड होऊ शकतो.

प्रत्येक व्हेस्टची तारीख, त्या दिवशीचा भाव आणि विनिमय दर एका शीटमध्ये लिहून ठेवा. ब्रोकरच्या पोर्टलचं लॉगिन ऑफिसच्या ईमेलवर असेल, तर नोकरी सोडायच्या आधी ते वैयक्तिक ईमेलवर घ्या आणि जुनी स्टेटमेंट्स उतरवून ठेवा.