साधे राहून सढळ हाताने देण्याची सवय कशी लावावी

संत गाडगेबाबांनी (1876–1956) पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःजवळ मातीचे गाडगे आणि खराटा यांपलीकडे फारसे काही ठेवले नाही. संसारी माणसाला एवढे झेपणार नाही. तरीही आपल्या गरजा आटोक्यात ठेवल्या की दुसऱ्यासाठी पैसा मोकळा होतो आणि तो देत गेल्याने आपला हव्यासही ओसरू लागतो, हा त्यांच्या जगण्यातला धागा कोणत्याही घराला धरता येतो.

आरंभ हिशेबाच्या वहीने करावा. महिनाभर किराणा, रिक्षा, बाहेरचे खाणे, हप्ते असा सगळा खर्च लिहून काढावा आणि ज्या खर्चाचा आनंद दुसऱ्या दिवशीही टिकला नाही, त्याच्यासमोर खूण करावी. त्यांतला एखादाच खर्च आधी थांबवावा, तोही घरच्यांना विश्वासात घेऊन, कारण लादलेल्या काटकसरीने घरात केवळ धुसफूस वाढते. वाचणारी रक्कम पगार जमा होताच बाजूला काढावी. महिनाअखेरीस उरेल ते देऊ असे म्हटले, तर बहुधा काहीच उरत नाही.

कपडे द्यायचे असतील तर ते धुऊन, तुटलेली बटणे लावून, परकरात नाडी ओवून, घडी घालून द्यावेत. जो सदरा आपल्याला चारचौघांत घालावासा वाटणार नाही, तो फडक्यासाठी ठेवावा. वसतिगृहाला किंवा वृद्धाश्रमाला धान्य नेण्यापूर्वी तिथे काय कमी आहे ते विचारावे. कदाचित तांदूळ भरपूर असेल आणि तेल, साबण यांचीच नड असेल. रोख देणगीची पावती घ्यावी. 2,000 रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत रोख असो वा नसो, अशा देणगीला वजावटच नाही. म्हणून वजावटीवर डोळा ठेवून रक्कम ठरवू नये.

मनाचा खरा कस नात्यात पैसे देताना लागतो. भाच्याच्या फीसाठी दिलेले उसने पैसे परत येईनात, की प्रत्येक लग्नकार्यात तो समोर आल्यावर तेच आठवत राहते आणि देणाऱ्याचीच झोप उडते. त्यामुळे परत न आली तरी चालेल एवढीच रक्कम द्यावी, परतफेडीची अपेक्षा नाही हे त्याला तेव्हाच सांगावे, वहीत ती येणे म्हणून न धरता खर्चात टाकावी आणि पुढे चार नातेवाइकांत तिचा विषय काढू नये.