शैक्षणिक मानसशास्त्रात लघुशोधप्रबंध लिहिताय? या चुका टाळा

एम.एड. आणि एम.ए. एज्युकेशनचे लघुशोधप्रबंध तपासायला घेतले की पहिल्या दोन प्रकरणांत मला डुलकी लागते. मुलांचा विचार कसा विकसित होतो हे सांगणारे तेच पियाजे, तेच वायगॉट्स्की, गेल्या वर्षीच्या प्रबंधातली तीच वाक्यं. जाग येते ती साधनं आणि आकडे आले की. खरी पडझड तिथेच झालेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक बघा. सहावीच्या साठ मुलांची भागाकाराची चाचणी घेतली. सर्वांत कमी गुणांची वीस मुलं निवडली, पंधरा दिवस उपचारात्मक अध्यापन केलं आणि पुन्हा तीच चाचणी दिली. सरासरी ७ वरून ११ वर गेली, टी-मूल्य सार्थ आलं (म्हणजे हा फरक नुसता योगायोग नसावा, असं गणित सांगतं), निष्कर्ष तयार: 'कार्यक्रम परिणामकारक'. पण त्या वीस जणांत एकाला पहिल्या दिवशी ताप होता, एकीने प्रश्नपत्रिकेचं मागचं पान उलटलंच नव्हतं. तळातली मुलं निवडली की त्यांत अशी काही येतातच, आणि ती दुसऱ्यांदा बसली की काही न शिकवताही वर सरकतात. सरासरीकडे परतण्याची ही ओढ इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टनने १८८६ सालीच आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवली होती. त्यात प्रश्नपत्रिका तीच, म्हणजे सरावाचा फायदा वेगळाच.

यावर उपाय सोपा आहे. कमी गुणांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एकाला आत्ता शिकवा, दुसऱ्याला उत्तरचाचणी, म्हणजे शेवटची चाचणी, झाल्यावर तोच कार्यक्रम द्या. 'बाकीच्या मुलांवर अन्याय होतोय' ही मुख्याध्यापकांची तक्रारही मिटते. गटात दहाच मुलं उरत असतील तर आणखी दोन शाळा घ्या, पण तुलनेचा गट सोडू नका.

दुसरी चूक मुलाशी बोलण्यातली. पियाजेचा प्रयोग करून बघायचा म्हणून बटणांच्या दोन सारख्या रांगा मांडतात. 'दोन्हीकडे सारखी आहेत का?' 'हो बाई.' मग एक रांग पसरवून पुन्हा तोच प्रश्न. मूल बाईंच्या तोंडाकडे बघतं आणि म्हणतं, 'इकडे जास्त.' नोंद होते: संख्या तीच राहते हे कळत नाही. अहो, आपल्या वर्गात बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की पहिलं उत्तर चुकलं, एवढं पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं! मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये हीच रांग एका खोडकर टेडीकडून 'चुकून' विस्कटवली, तर चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं बरोबर बोलली. तेव्हा '७ ते ११ वर्षे, मूर्त क्रियात्मक अवस्था' (समोरच्या वस्तूंवरून तर्क करता येण्याचा पियाजेचा टप्पा) असा शिक्का मुलाच्या जन्मतारखेवरून मारू नका. 'तुला असं का वाटलं?' हे विचारा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या.

भाषेचंही तसंच. इंग्रजीतली चाचणी मराठीत आणली की काय मोजलं जातंय तेच बदलू शकतं. दुसरीतल्या मुलीला 'पंचवीस' लिहायला सांगितलं, तिने ५२ लिहिलं. संशोधक विद्यार्थिनीने तिला 'संख्याज्ञान कमकुवत' या रकान्यात टाकलं. पण मराठीत पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर; ती जे ऐकलं त्याच क्रमाने लिहीत होती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २१ चं 'वीस एक' असं वाचन आलं आणि वाद थेट विधिमंडळापर्यंत गेला, तो याच अडचणीवरून. त्या मुलीपुढे दहाच्या काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या ठेवून पंचवीस मांडायला सांगितलं असतं, तर तिला संख्या कळते की नाही ते मिनिटभरात दिसलं असतं. मानसशास्त्रीय चाचणी भाषांतरित केली असेल तर ती दुसऱ्या कोणाकडून उलट इंग्रजीत करून घ्या, मूळ मजकुराशी ताडा आणि पाच-सहा मुलांवर आधी चालवून बघा.

संदर्भातल्या चुका थोडक्यात. 'वायगॉट्स्कीने स्कॅफोल्डिंगची (मुलाला लागेल तेवढाच आधार देऊन तो हळूहळू काढून घेण्याची) संकल्पना मांडली' असं लिहू नका. तो १९३४ मध्ये गेला. शिकवण्याला बांधकामाच्या परांचीची उपमा देणारा हा शब्द वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून रुळला. 'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के' हा तक्ता एडगर डेलच्या नावावर खपतो, पण त्याच्या १९४६ च्या 'अनुभवांच्या शंकू'च्या आकृतीत टक्केवारी नव्हतीच. आणि मुलांची 'दृक्, श्राव्य, कृतिशील' अशी वाटणी करून त्याप्रमाणे शिकवलं की जास्त कळतं, या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ च्या पॅश्लर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात स्पष्ट म्हटलं आहे. तरी दरवर्षी त्यावर दोन-तीन विषय येतातच!

माहिती गोळा करून झाली असेल आणि तुलनेचा गट नसेल, तर आकडे खेचू नका. शीर्षकातला 'परिणामकारकता' हा शब्द मार्गदर्शकांशी बोलून बदलून घ्या, मर्यादा तिथल्या तिथे लिहा आणि मुलं भागाकारात नेमकी कुठे अडखळली, उत्तरातलं शून्य त्यांनी कुठे गाळलं, ते त्यांच्या वह्यांच्या छायाप्रतींसह मांडा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक आधी तीच पानं उघडतात.