मोटरहोमची वीज वाटेत बिघडली तर: निघण्याआधीची तयारी

मोटरहोममध्ये दोन बॅटऱ्यांचे दोन वेगळे संसार असतात. एक इंजिनची बॅटरी. स्टार्टर, हेडलाइट, वायपर, डॅशबोर्ड सगळं तिच्यावर. दुसरी घराची, आतले दिवे, पाण्याचा पंप, पंखा, फ्रिज. गाडी धावत असताना अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारं यंत्र) पहिलीला चार्ज करतो, आणि मधल्या रिलेतून (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) किंवा डीसी-टू-डीसी चार्जरमधून (व्होल्टेज बॅटरीला हवं तसं करून देणारं यंत्र) दुसरीलाही करंट देतो. वाटेत काही बंद पडलं की पहिला प्रश्न एकच: बिघाड गाडीचा की घराचा? भर रस्त्यात, मागे ट्रक हॉर्न वाजवत असताना हा प्रश्न सुटत नाही. त्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी दोन्ही बॅटऱ्या, दोन्ही फ्यूज बॉक्स आणि मधला रिले प्रत्यक्ष हात लावून शोधून ठेवा. एखादी बॅटरी सीटखाली किंवा फरशीखाली लपलेली असू शकते. तिच्या प्लस टर्मिनलजवळचा मोठा फ्यूजही बघून ठेवा. आतल्या बॉक्समधले सगळे फ्यूज धड असूनही घर अंधारात असेल, तर बऱ्याचदा तोच उडालेला असतो. सगळ्याचे फोटो काढा आणि कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा.

यादीत पुढे मल्टिमीटर, आणि तो वापरायची सवय. सगळं ठणठणीत असतानाचे आकडे लिहून ठेवले नसतील, तर बिघाडाच्या दिवशी मीटरवरचा आकडा काहीच सांगत नाही. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास निवांत असेल तर सुमारे 12.7 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. लिथियमचा हिशेब निराळा आहे. तिचं व्होल्टेज बराच काळ 13 च्या आसपासच राहतं, म्हणून तिथे व्होल्टेजवर विसंबू नका, बॅटरी मॉनिटर, म्हणजे बॅटरी किती भरली आहे ते दाखवणारं मीटर, पाहा. आता इंजिन चालू करून घराच्या बॅटरीवर मीटर धरा. आकडा चढून 13.8 ते 14.4 च्या दरम्यान गेला, तर चार्जिंग पोचतंय. इंजिनच्या बॅटरीवर आकडा चढला आणि घराच्या बॅटरीवर जागचा हलला नाही, तर दोष मधल्या रिलेत, फ्यूजमध्ये किंवा वायरीत. ही चाचणी करताना छतावरचं सोलर पॅनल बंद ठेवा किंवा झाकून टाका. सूर्यप्रकाशात पॅनलच बॅटरीला 13.8 वर नेऊन ठेवतं, आपण अल्टरनेटरवर खूश होतो, आणि खरा दोष पावसाळी दिवशी उघडा पडतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो. इंधन वाचवण्यासाठी तो मधूनच व्होल्टेज 12.5 च्या आसपास उतरवतो. अशा गाडीत साधा रिले असेल तर दिवसभर गाडी हाकूनही घराची बॅटरी अर्धवटच राहते. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. लिथियमसाठी तर तो आणखी गरजेचा, कारण लिथियम बॅटरी इतका करंट ओढते की इंजिन हळू फिरत असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो जोडण्यांना, विशेषतः अर्थिंगला, म्हणजे बॅटरीचं मायनस टोक चॅसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जोडणाऱ्या तारेला. रस्त्याच्या हादऱ्यांनी नट सैल होतात, दमट हवेनं टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड चढते. उभ्या गाडीत दिवा लागतो, खड्ड्यात चाक गेलं की मिचकावतो. ही लूज कनेक्शनची खूण. घरातला एखादा मोठा लोड, म्हणजे भरपूर वीज खाणारं उपकरण, चालू करा. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर आणि दुसरी चॅसिसच्या रंग खरवडलेल्या जागी लावा. आकडा 0.2 व्होल्टच्या वर गेला तर अर्थची ती जोडणी उघडा, पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत घासा आणि पुन्हा घट्ट आवळा. लोड बंद करून लगेच जोडणीच्या टोकाला बोट लावून पाहा. ते गरम लागत असेल तर आज ना उद्या तिथूनच धूर निघणार. बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

फ्रिजबद्दल मुद्दाम सांगतो. तीन प्रकारच्या ऊर्जेवर (गॅस, बाहेरची घरगुती वीज आणि 12 व्होल्टची बॅटरी) चालणारा फ्रिज 12 व्होल्टवर दीडशे वॅटच्या आसपास खातो, म्हणजे तासाला 12 अँपिअर-अवर. इंजिन चालू असताना ठीक. पण गाडी उभी राहिल्यावरही तो बॅटरीवर ओढत राहिला, तर 100 अँपिअर-अवरची बॅटरी रात्रीत रिकामी. इंजिन बंद केल्यावर फ्रिजचा 12 व्होल्टचा पुरवठा खरंच तुटतो का, हे घरीच तपासा. आणखी एक: बऱ्याच मोटरहोममध्ये इंजिन चालू झालं की आतले दिवे आणि पंप मुद्दाम बंद होतात. तुमच्या गाडीत तसं आहे का ते मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा, नाहीतर नसलेला दोष शोधत बसाल.

सोबतच्या पिशवीत मल्टिमीटर, टॉर्च, पाने, वायर ब्रश, इन्सुलेशन टेप, जंपर केबल, एक जादा रिले आणि फ्यूज. फ्यूज रंगानं ओळखता येतात: 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा घाला. तोही उडाला तर ते सर्किट बंद ठेवा; कुठेतरी वायर सोलली गेली असेल किंवा उपकरण बिघडलं असेल. मोठा फ्यूज घालून वेळ मारून नेणं म्हणजे वायरीलाच फ्यूज करणं, आणि ती वायर लाकडी कपाटामागून जाते.

निघण्याआधी सोबत्याशीही बोलून घ्या. ड्रायव्हरनं फक्त गाडी चालवायची; मागे वळून पॅनल बघायचं नाही. जळका वास आला तर गाडी रस्त्याच्या कडेला, इंजिन बंद, घराच्या बॅटरीचा मेन स्विच बंद, आणि सगळे बाहेर. तो स्विच सगळ्यांना अंधारात चाचपडून सापडला पाहिजे. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला तर लगेच तापमानाचा काटा पाहा. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला असेल आणि त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप असेल, तर काही मिनिटांत इंजिन तापेल, थांबा. काटा जागेवर असेल तर एसी, इन्व्हर्टर, फ्रिज सगळं बंद करून बॅटरीच्या जिवावर जवळची सुरक्षित जागा गाठा, पण तिथे पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका. ते पुन्हा चालू होईलच असं नाही.

शेवटी गाडीची उंची, लांबी आणि वजन कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर लावा. टोइंगवाला फोनवर आधी तेच विचारतो, आणि तुमच्या विम्यात एवढ्या मोठ्या गाडीचं टोइंग धरलंय का, हे निघण्याआधीच विचारून घ्या.