हार्ट पेशंट आणि दारू : 'कधीतरी' म्हणू नका, आकडा सांगा

बायपासच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी मामाला विचारलं, "ड्रिंक्स घेता?" मामा म्हणाला, "कधीतरी." मामी फाईलमधले रिपोर्ट लावत होती, तिने मान वर केली नाही. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या रात्री मामा चादरीवरचे मुंगळे झटकायला लागला. मुंगळे नव्हतेच. हात थरथरत होते, अंग घामाने भिजलेलं, सलाईनची नळी उपटायला निघाला होता. आम्हाला वाटलं, भूल उतरली नसेल. डॉक्टरांनी मामीला बाहेर नेऊन पुन्हा विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं. रोज क्वार्टर, कित्येक वर्षं.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की असं होतं. थरथर पहिल्याच दिवशी सुरू होऊ शकते, फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी हे भास. त्यात नाडी आणि बीपी वाढतं, तेही नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या हृदयावर. आधी कळलं असतं तर त्यावरची औषधं वेळेत सुरू झाली असती. म्हणून माझ्या लेखी सगळ्यांत महागडी चूक हीच, डॉक्टरांपासून लपवणं. तिची जुळी बहीणही आहे : अटॅकच्या धसक्याने घरच्या घरी एका रात्रीत बंद करणं. रोज भरपूर घेणाऱ्याने सोडायचीच, पण डॉक्टरांना सांगून, त्यांच्या देखरेखीखाली.

आकडा सांगायचा म्हणजे काय? 30 मिलीच्या स्मॉल पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टर म्हणजे 180 मिली, म्हणजे सहा स्मॉल. "मी फक्त बिअर घेतो हो" म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचं लेबल वाचावं. आठ टक्क्यांच्या 650 मिली स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे चार स्मॉल झाले. आणि घरी अंदाजाने ओतलेला स्मॉल कधीच 30 चा नसतो, हे एकदा मापाने मोजून बघा.

चूक डॉक्टरांचीही असते. "जरा कमी करा," असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळतात आणि आपण ऐकतो, "चालेल." तिथेच विचारा, "कमी म्हणजे किती? की शून्य?" हार्ट फेल्युअर असेल, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडला असेल, किंवा ठोके अनियमित पडत असतील तर उत्तर बहुधा शून्यच येईल. दारूमुळेच पंप कमजोर झाला असेल तर नक्कीच शून्य, पण वेळेत सोडली तर असा पंप बऱ्याच जणांचा सुधारतो.

"थोडी हृदयाला चांगली असते" हे खूळ फ्रान्सच्या रेड वाइनवरून 1990 च्या दशकात पसरलं. जुन्या अभ्यासांतली एक मेख अशी की, 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारी पडल्यामुळे सोडलेलेही मोजले होते. साहजिकच पिणारे ठणठणीत दिसले. हार्ट अटॅकची कारणं शोधणाऱ्या, 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात तर दक्षिण आशियाई लोकांना दारूचं संरक्षण मिळाल्याचं दिसलंच नाही. वर्ल्ड हार्ट फेडरेशनने 2022 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगून टाकलं की सुरक्षित असं प्रमाण नाही. आपल्याकडे मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यात पिण्याचा परवाना मिळतो तोच मुळी आरोग्य राखण्यासाठी! तो कार्डिओलॉजिस्टला दाखवून उपयोग नाही.

"आज बसायचंय, मग रात्रीची गोळी नको." हे तर फार चालतं. स्टेंट बसवलेल्याने क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर ही गुठळी रोखणारी गोळी चुकवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. म्हणजे रद्द करायची ती बैठक, गोळी नव्हे. ॲस्पिरिनवर दारू पडली की पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. डांबरासारखी काळी शी झाली तर लगेच दवाखाना गाठा. असिट्रोम किंवा वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वरखाली होतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि दारू एकत्र आली की बीपी धाडकन खाली येऊन माणूस उभ्याचा आडवा होतो.

चखणा कुणी हिशेबात धरतच नाही. खारे दाणे, पापड, फरसाण, सगळं मीठच मीठ. हार्ट फेल्युअरवाल्याला पाण्याचंही माप ठरवून दिलेलं असतं, त्यात बिअर आणि सोडाही मोजायचा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पाय सुजले, तर डॉक्टरांना फोन करा.

आणि मैफलीत छातीत दुखलं तर ती ॲसिडिटीच आहे असं धरून इनो घेऊ नका, ब्रँडीचा घोटही नको. दुखणं जबड्यात, हातात उतरत असेल, घाम सुटला असेल तर 108 ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका. किती पेग झाले ते अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टरांना सांगा. तुम्हाला आठवत नसेल तर शेजारी बसलेल्या मित्राला विचारा, त्याला बिल विभागायचं असल्यामुळे आठवत असतं.